वैचारिक निबंध शिकवायचा तर आधी टिपणवही शिकवावी

प्रश्न असा आहे : पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या वर्गाला, संशोधनावर आधारलेला आणि वाचकाला एखादी भूमिका पटवून देणारा निबंध सहा आठवड्यांत कसा शिकवावा? प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका लिहितात की मुले एकतर गाइडमधला वैचारिक निबंध पाठ करून उतरवतात, नाहीतर इंटरनेटवरचे उतारे एकाला एक जोडून आणतात, आणि अलीकडे एआयकडून लिहून घेतलेला, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला मजकूर समोर ठेवतात. त्यांचे स्वतःचे मत विचारले, तर ‘नाण्याला दोन बाजू असतात’ या वाक्यापाशी सगळे थांबते.

या तिन्ही तक्रारींचे मूळ मला एकच दिसते. आपण निबंध मागतो आणि निबंधच तपासतो, पण निबंधाची योग्यता त्याच्या बरीच आधी, विद्यार्थ्याने काय वाचले, त्यातले काय टिपले आणि त्या टिपणांशी तो कसा भांडला, यावर ठरलेली असते. जे ठरवणारे आहे ते आपण पाहत नाही, म्हणून मुलेही ते करत नाहीत. त्यामुळे माझा सल्ला असा की सहापैकी चार आठवडे टिपणवहीला द्यावेत आणि लेखनाला शेवटचे दोनच ठेवावेत. विद्यार्थ्याचे पक्के मतही त्या चार आठवड्यांच्या अखेरीस यावे, आरंभी नव्हे.

मुलांना दोष देण्यापूर्वी त्यांनी आजवर काय शिकले ते लक्षात घ्यावे. दहावीपर्यंतचा निबंध बंद वर्गात, पुस्तकाविना, अर्ध्या तासाच्या आत लिहायचा असतो. त्या परिस्थितीत स्मरणशक्ती आणि भाषेची सजावट यांवाचून हाताशी काही नसते. म्हणून आरंभी सुभाषित, मध्ये फायदे-तोटे आणि शेवटी संदेश हा साचा तयार झाला, आणि त्या परीक्षेपुरता तो उपयोगीही ठरला. आता आपण मागतो आहोत ते काम निराळे आहे. हे पहिल्याच तासाला स्पष्ट शब्दांत सांगावे : हा निबंध आठवून लिहायचा नाही, शोधून लिहायचा आहे, आणि त्यात भाषेच्या सौंदर्याला सर्वांत शेवटी गुण आहेत.

सर्वाधिक वेळ ज्यावर घालवावा अशी पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नाची निवड. ‘प्रदूषण : एक गंभीर समस्या’ या शीर्षकाखाली कोणीही कोणाला काही पटवून देऊ शकत नाही, कारण प्रदूषण चांगले असते असे म्हणणारा माणूस समोर उभाच नाही. चांगल्या प्रश्नाला मी तीन कसोट्या लावतो. समंजस, अभ्यासू माणसांत त्यावर खरोखर मतभेद असले पाहिजेत. सोळा वर्षांच्या मुलाला सहा आठवड्यांत पुण्यात बसून त्याचे पुरावे मिळाले पाहिजेत. आणि उत्तर काय येईल हे त्याला स्वतःला आधी ठाऊक नसले पाहिजे. तिसऱ्या कसोटीकडे बहुतेक शिक्षक दुर्लक्ष करतात, पण कंटाळवाण्या निबंधाचे कारण बहुधा तिथेच सापडते.

या शहरात असे प्रश्न पावलोपावली आहेत. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढावा का? पीएमपीएमएलच्या म्हणजे शहर बससेवेच्या गाड्यांतला प्रवास विद्यार्थ्यांना पूर्णपणे मोफत असावा का? दुचाकीस्वारांवर हेल्मेटची सक्ती शहराच्या हद्दीत कडकपणे राबवावी का? खडकवासला प्रकल्पातल्या पाण्यावर शहराचा हक्क आधी मानावा की दौंड-इंदापूरच्या शेतीचा? गणेशोत्सवात रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला दिली जाणारी सवलत चालू ठेवावी का? यांपैकी प्रत्येक प्रश्नावर विद्यार्थ्याच्या घरातच दोन मते निघतात, प्रत्येकाशी एखादा कायदा, अहवाल किंवा आकडेवारी जोडलेली आहे, आणि विद्यार्थ्याला पायी किंवा बसने जाऊन पाहता येईल अशी एखादी जागा प्रत्येक प्रश्नामागे आहे. ‘जागतिकीकरण’ किंवा ‘सोशल मीडियाचे दुष्परिणाम’ यांत यांतले काहीच हाताला लागत नाही. म्हणून असे विषय मी, विद्यार्थ्याने कितीही आग्रह धरला तरी, परत पाठवतो आणि त्यातूनच एखादा लहान, पकडता येणारा प्रश्न काढायला लावतो.

प्रश्न ठरला की तो कोणत्या जातीचा आहे हे वर्गाला ओळखायला शिकवावे. काही प्रश्न वस्तुस्थितीचे असतात, काही मूल्यांचे आणि काही धोरणाचे. हेल्मेटचे उदाहरण यासाठी फार उपयोगी पडते, कारण पुण्यात या विषयावर प्रत्येकाला बोलायचे असते. हेल्मेटने जीव वाचतो का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न झाला आणि त्याचे उत्तर बरेचसे निश्चित आहे : मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटविषयी झालेल्या अभ्यासांचा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेला आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. कायदा काय म्हणतो, हाही वस्तुस्थितीचाच प्रश्न : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वाराला हेल्मेट बंधनकारक आहे. इतके मिळाले की विद्यार्थ्याला वाटते, निबंध झाला; जीव वाचतो, कायदाही आहे, म्हणून सक्ती हवी.

इथे थांबवून वर्गाला एक प्रश्न विचारावा. जीव वाचतो एवढ्याने सक्ती योग्य ठरते का? सिगारेट सोडल्यानेही जीव वाचतो, पण प्रौढ माणसाने सिगारेट ओढणे आपण सरसकट गुन्हा ठरवलेले नाही. म्हणजे पुरावा आणि निष्कर्ष यांच्या मध्ये एक न बोललेले विधान दडलेले आहे : ज्या कृतीने प्रौढ माणसाचा स्वतःचा जीव धोक्यात येतो, ती कृती रोखण्याचा अधिकार शासनाला आहे. हेल्मेटसक्तीला विरोध करणारा सुजाण माणूस ४२ टक्क्यांवर वाद घालतच नाही, तो या मधल्या विधानावर बोट ठेवतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यात या मधल्या दुव्याला स्वतंत्र स्थान दिले होते. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगितले, तेही याच जागेवर प्रकाश टाकतात : उदाहरणात सर्वसाधारण नियम सांगायचा, आणि तो नियम आपल्या प्रकरणाला लागू पडतो हे उपनयात दाखवायचे. अकरावीच्या वर्गाला या परिभाषेचे ओझे नको, पण ‘तुझा पुरावा आणि तुझे मत यांना जोडणारे वाक्य कुठे आहे?’ हा एकच प्रश्न प्रत्येक तासाला विचारत राहावे. माझ्या मते वैचारिक निबंधाच्या शिकवणीचा अर्धा भाग या एका प्रश्नात आहे.

मधल्या दुव्यावरचा वाद किती गंभीर असू शकतो हे दाखवायला पुण्याच्या इतिहासाइतके चांगले साहित्य दुसरीकडे मिळणार नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या बाबतीत शरीरसंबंधाच्या संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर नेली. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले होते आणि ते या कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांनी विरोध केला. टिळकांच्या बाजूने शास्त्राधारही मांडले गेले, पण आज वाचताना त्यांचा अधिक विचार करायला लावणारा आक्षेप दिसतो तो असा की, समाजाच्या आचारात परकीय सरकारने कायद्याने हात घालू नये, सुधारणा लोकांनी स्वतःहून आणि स्वतःपासून करावी. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंचे निवडक उतारे द्यावेत आणि एवढेच शोधायला सांगावे : हे दोघे कोणत्या गोष्टीवर सहमत आहेत, आणि नेमके कुठे फुटतात? हाच तास हेल्मेटच्या तासानंतर घेतला, तर मुलांच्या आपसूक ध्यानात येते की सक्तीचा अधिकार कोणाला, कशाच्या आधारावर, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. त्यातले काहीजण त्या दिवसापासून निराळ्या रीतीने वाचू लागतात. उतारे निवडताना काळजी घ्यावी. जुन्या मराठीची लांब वाक्ये मुलांना अडवतात, म्हणून एकेक परिच्छेद पुरे, आणि तो मोठ्याने वाचून दाखवावा.

आता पुराव्यांविषयी. विकिपीडिया वाचू नका असे सांगण्यात अर्थ नाही. तो वाचावा, पण तिथून खाली दिलेल्या संदर्भांकडे जावे, आणि जे टिपायचे ते त्या संदर्भातून टिपावे. मराठीत प्राथमिक ओळखीसाठी मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. त्यातल्या जुन्या नोंदींचे साल मात्र पाहावे. शहराच्या प्रश्नांसाठी पुणे महानगरपालिकेचे अंदाजपत्रक आणि दरवर्षीचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल, जिल्ह्यासाठी शासनाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, राज्यासाठी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, अपघातांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, आणि विद्यापीठांतल्या प्रबंधांसाठी शोधगंगा, एवढी साधने अकरावीच्या मुलाला पुरून उरतात. अहवाल इंग्रजीत असला, तर त्यातला गोषवारा आणि एखादा तक्ता वर्गात एकत्र वाचावा, आणि टिपण मात्र मराठीतच करायला लावावे. जुन्या वर्तमानपत्रांसाठी आणि ग्रंथांसाठी आपल्या शहरात १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय आहे. महाविद्यालयाचे पत्र घेऊन आधी विचारणा करावी आणि एका वेळी थोडीच मुले न्यावीत. ग्रंथपाल ज्या तऱ्हेने एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकाकडे नेतो, ते मुलांनी प्रत्यक्ष पाहिले पाहिजे.

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करण्याची कल्पना मुलांना फार आवडते. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्यामुळे सहा आठवड्यांच्या उपक्रमात ती क्वचितच उपयोगी पडते. त्यापेक्षा त्याच कायद्याच्या कलम ४ खाली कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची जी माहिती आहे, ती आधी पाहायला लावावी.

पुरावा मिळाल्यावर त्याची चौकशी करायची असते आणि हे शिकवायला पाण्याचा प्रश्न अतिशय समृद्ध आहे. एखादा विद्यार्थी ‘पुणेकर पाण्याची उधळपट्टी करतात’ असे मत घेऊन येतो. त्याला फळ्यावर गणित मांडू द्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे ३१.२४ लाख लोक होते. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे मान माणशी रोज १३५ लिटर धरले जाते. गुणाकार केला की रोज सुमारे ४२ कोटी लिटर, वर्षाला सुमारे १५,४०० कोटी लिटर पाणी होते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे शहराची गरज वर्षाला सुमारे ५.४ टीएमसी ठरते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे २९.१५ टीएमसी आहे आणि शहर ५.४ टीएमसीपेक्षा कितीतरी अधिक पाणी उचलते. विद्यार्थ्याला वाटते, सिद्ध झाले.

मग वर्गाला त्या गणितातली प्रत्येक संख्या खोलून पाहू द्यावी. लोकसंख्या २०११ ची आहे. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. १३५ लिटर हे घरगुती वापराचे मान आहे. जलवाहिन्यांमधली गळती त्यात धरलेली नाही आणि मोठी रुग्णालये, हॉटेले, कारखाने यांचा हिशेब निराळा करावा लागतो. धरणांच्या क्षमतेत बाष्पीभवन वजा केलेले नाही. शिवाय शहराने वापरलेल्या पाण्यापैकी काही पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, पुन्हा शेतीसाठी कालव्यात सोडण्याची योजना आहे, मग ते पाणी कोणाच्या खात्यावर मांडायचे? वर्गात बहुधा एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते, जिच्या गावची शेती याच कालव्यावर आहे आणि जी शिक्षणासाठी शहरात वसतिगृहात राहते. तिला बोलू द्यावे. कालव्याच्या पाण्याचे आवर्तन, म्हणजे पाळी, उशिरा सुटले की उभ्या पिकाचे काय होते, हे ती सांगते तेव्हा वर्ग गप्प होऊन ऐकतो. पण ती सांगते तो अनुभवाचा पुरावा आहे, आणि तो एका शेताविषयी बोलतो, तालुक्याविषयी नव्हे, हेही त्याच तासाला शांतपणे, तिचा मान राखून सांगितले पाहिजे.

या तासानंतर त्या विद्यार्थ्याचे मत बहुधा उलटत नाही, पण ते नेमके होते. ‘पुणेकर उधळपट्टी करतात’ याऐवजी तो लिहितो की शहराला नवे पाणी मंजूर करण्यापूर्वी गळतीचा आणि मीटरने मोजलेल्या वापराचा हिशेब जाहीर करण्याचे बंधन महापालिकेवर असावे. पहिले वाक्य कोणीही रिक्षात बसून म्हणू शकतो, दुसरे वाक्य अभ्यासाशिवाय सुचत नाही. हा प्रवास विद्यार्थ्याला स्वतःला दिसावा म्हणून मी टिपणवहीच्या पहिल्या पानावर पहिल्याच आठवड्यात त्याचे मत तारखेसह लिहून घेतो आणि चौथ्या आठवड्याअखेर ‘माझे मत कुठे सरकले आणि कशामुळे’ यावर एक पान लिहायला सांगतो. मत न सरकल्यास हरकत नाही. मात्र कोणत्या पुराव्याने ते सरकू शकले असते, हे त्याने लिहिले पाहिजे.

टिपणवहीची रचना साधी ठेवावी. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून डावीकडे स्रोत काय म्हणतो ते, उजवीकडे विद्यार्थ्याचा प्रतिसाद : शंका, विरोध, दुसऱ्या टिपणाशी संबंध. पानाच्या माथ्यावर लेखक किंवा संस्था, शीर्षक, साल, पृष्ठ, आणि संकेतस्थळ असल्यास ते कधी पाहिले ती तारीख. डावीकडच्या मजकुरात शब्दशः उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांतच असले पाहिजे. बाकीचे स्वतःच्या शब्दांत. स्वतःच्या शब्दांत लिहिणे हे मुलांना वाटते त्यापेक्षा कठीण असते, म्हणून ते वर्गात करून घ्यावे : परिच्छेद दोनदा वाचायचा, पुस्तक मिटायचे, आठवून लिहायचे, मग पुस्तक उघडून ताडायचे. पुस्तक समोर उघडे ठेवून केलेला सारांश म्हणजे चार शब्द बदललेली नक्कल असते. उचलेगिरीवर नैतिक व्याख्याने देण्यापेक्षा हा सराव अधिक काम करतो, कारण बरीचशी उचलेगिरी ही अप्रामाणिकपणातून नव्हे, तर टिपण काढताना कोणते वाक्य कोणाचे हे नोंदवले न गेल्यामुळे होते.

प्रत्येक स्रोताला विचारायचे प्रश्न वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावेत : हे कोणी मोजले, कधी मोजले, कोणत्या हद्दीत मोजले, आणि मोजणाऱ्याचा यात काही लाभ आहे का? बातम्यांबाबत एक सावधगिरी विशेष सांगावी. एकच बातमी चार वर्तमानपत्रांत आली म्हणून ते चार पुरावे होत नाहीत. चौघांनीही बहुधा एकाच पत्रकाचा किंवा एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर घेतलेला असतो. मूळ पत्रक, मूळ निकाल, मूळ अहवाल शोधायची सवय लागली की मुलांना बातमी आणि मूळ कागद यांतले अंतर स्वतःच दिसू लागते.

मुलाखती घ्यायला मुले उत्सुक असतात आणि त्या जरूर घ्याव्यात : बसचा वाहक, सोसायटीचा सचिव, चौकातला वाहतूक पोलीस. प्रश्न आधी लिहून न्यावेत, परवानगी घ्यावी, नाव छापायचे नसल्यास तसे टिपावे.

चौथ्या आठवड्यात, निबंधाचा एकही परिच्छेद लिहिण्यापूर्वी, पूर्वपक्ष लिहून घ्यावा. विद्यार्थ्याने विरुद्ध बाजूचे म्हणणे पूर्ण एक पान असे लिहायचे की त्या बाजूचा माणूस ते वाचून म्हणेल, होय, मला हेच म्हणायचे आहे. आपल्या शास्त्रीय वादपरंपरेत खंडनाआधी प्रतिपक्षाची मांडणी करण्याची ही शिस्त पक्की होती, आणि केवळ दुसऱ्याला पाडण्यासाठी, स्वतःची बाजूच न मांडता केलेल्या वादाला वितंडा म्हणून खालची जागा दिली होती. हे पान दुसऱ्या विद्यार्थ्याला तपासायला द्यावे, शक्यतो ज्याचे मत खरोखरच विरुद्ध आहे त्याला. त्याने सही केल्याशिवाय पुढे जायचे नाही. हा नियम मी कधीही सैल करत नाही. बुजगावणे उभे करून त्याला झोडपणारा निबंध जो वाचक आधीच सहमत आहे त्यालाच आवडतो. ज्याला पटवायचे तो पहिल्याच परिच्छेदात ओळखतो की याने माझे ऐकलेलेच नाही.

पूर्वपक्षावर सही झाली की संपूर्ण निबंधाचे मुख्य विधान एका वाक्यात लिहायचे, आणि त्या वाक्यात जरी, तरी आणि कारण हे तीनही शब्द आलेच पाहिजेत. उदाहरणार्थ : जरी हेल्मेट घालणे हा प्रौढ माणसाच्या स्वतःच्या सुरक्षेचा प्रश्न असला, तरी शहरात सक्ती राबवावी, कारण डोक्याच्या दुखापतीचा खर्च आणि सांभाळ त्याच्या एकट्यावर न पडता कुटुंबावर आणि सार्वजनिक रुग्णालयांवर पडतो. या वाक्यातला ‘जरी’ पूर्वपक्षाची जागा ठरवतो, ‘तरी’ भूमिका सांगतो आणि ‘कारण’ निबंधाचा सांगाडा देतो. ते मधले न बोललेले विधानही इथे उघड्यावर येते, कारण आता सक्तीचे समर्थन इतरांवर पडणाऱ्या भारावर उभे आहे. ‘नाण्याला दोन बाजू असतात’ या वाक्यावर थांबलेला विद्यार्थी या रचनेमुळे पुढे सरकतो : दोन बाजू आहेत हे त्याने जरीमध्ये मान्य केले, आता त्याला निवड करावी लागते. विरुद्ध मत असलेल्या विद्यार्थ्यालाही हीच रचना तितकीच चालते, आणि शिक्षकाने आपले मत या सगळ्यात कुठेही कळू देऊ नये.

लेखनाच्या दोन आठवड्यांविषयी थोडक्यात. परिच्छेदांची संख्या ठरवून देऊ नये. प्रत्येक परिच्छेदात एक कारण, त्याचा पुरावा, पुरावा कुठून आला त्याचा वाक्यातच उल्लेख, आणि पुराव्याला भूमिकेशी जोडणारे वाक्य असावे. पहिला खर्डा झाल्यावर विद्यार्थ्याने प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे समासात चार-सहा शब्दांत लिहावे. जिथे ते लिहिता येत नाही, तो परिच्छेद बहुधा काढून टाकण्याजोगा असतो.

भाषेच्या बाबतीत मी दोनच गोष्टींवर भर देतो. ‘असे म्हटले जाते’, ‘असे मानले जाते’, ‘तज्ज्ञांच्या मते’ ही वाक्ये दिसली की समासात ‘कोण?’ एवढेच लिहावे. आणि खात्रीच्या पायऱ्या शिकवाव्यात : सिद्ध होते, दिसून येते, सूचित होते, शक्यता वाटते. एका सोसायटीतल्या दहा घरांना विचारून ‘पुणेकरांना वाटते’ असे लिहिणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो, त्याला ‘आमच्या सोसायटीतल्या दहा घरांपैकी सात घरांना वाटते’ असे लिहिण्याची मुभा आहे हेच कोणी सांगितलेले नसते. हे दुसरे वाक्य दिसायला लहान असले तरी वाचकाचा विश्वास त्यानेच मिळतो. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ आणि ‘काळाची गरज’ या प्रयोगांवर मात्र मी सरळ बंदी घालतो.

एआयचा प्रश्न तुम्हाला सर्वांत भेडसावतो आहे, आणि त्याचे उत्तर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. अशी साधने निर्दोष मुलांवरही ठपका ठेवतात आणि एकदा तसे झाले की वर्गाचा विश्वास परत येत नाही. ज्या उपक्रमात पहिल्या आठवड्याचे मत, पानापानांवरची टिपणे, सही झालेला पूर्वपक्ष आणि सरकलेल्या मताचे पान हाताने लिहिलेले आहे, तिथे शेवटचा मजकूर आयता मिळवून फारसा लाभ होत नाही. एआयने दिलेले संदर्भ मात्र वर्गात एकदा जाहीरपणे तपासावेत : एखाद्या स्थानिक प्रश्नावर त्याच्याकडून पाच संदर्भ मागावेत आणि मुलांना ते ग्रंथालयात व संकेतस्थळांवर शोधायला लावावे. त्यांतले काही अस्तित्वातच नसतील, तर शीर्षक, लेखक आणि साल इतके बिनचूक दिसणारे असूनही पुस्तक कुठेच नाही, हे मुलांच्या कायमचे लक्षात राहते. सगळे खरे निघाले, तर त्यांत खरोखर काय लिहिले आहे ते वाचून ताडावे.

गुणांची विभागणी या सगळ्याशी जुळली पाहिजे, नाहीतर मुले आपल्या शब्दांवर नव्हे, तर गुणांवर विश्वास ठेवतील. ५० गुणांपैकी २० टिपणवहीला, १० पूर्वपक्षाला, १५ निबंधाला आणि ५ तोंडी परीक्षेला द्यावेत. ८० मुलांच्या वर्गात हे जमणार नाही असे तुम्हाला वाटेल. पण टिपणवह्या दर आठवड्याला सगळ्या तपासायच्या नसतात; दर आठवड्याला एक चतुर्थांश वह्या घ्याव्यात, म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाची वही एकदा नीट वाचून होते, आणि बाकीच्या वह्या मुले जोडीने एकमेकांच्या पाहतात. तोंडी परीक्षेला प्रत्येकी तीन मिनिटे पुरतात. वही कुठेही उघडावी, एका टिपणावर बोट ठेवावे आणि विचारावे : हे तुला कुठे मिळाले, यावर तू विश्वास का ठेवलास, आणि निबंधात ते का घेतलेस किंवा का घेतले नाहीस. ज्याने काम केले आहे तो तिसऱ्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ बोलतो, विशेषतः जे टिपण त्याने निबंधात घेतलेले नाही त्याविषयी.